भाव पडेपर्यंत

गाडी घ्यायची म्हटलं की गल्लीतलं कुणीही आधी डेस्मंड ऑग्डनचं दार वाजवायचं. चाळीस वर्षं बस डेपोत मेकॅनिक म्हणून हाडं झिजवलेला माणूस. चहाचा मग खाली ठेवून तो सांगायचा, "घाई करू नका. पहिली तीन वर्षं गाडी मालकाला रडवते. ती रडून होऊ द्या, मग घ्या. आणि एक सप्टेंबरच्या आत तर मुळीच घेऊ नका." कारण सप्टेंबरात नव्या गाड्यांच्या नंबरपाटीवरचा आकडा बदलतो. शेजारच्या दारात नवा आकडा दिसला की अर्ध्या इंग्लंडच्या पोटात दुखतं. लोक धडाधड जुन्या देऊन नव्या घेतात आणि जुन्यांचा भाव कोसळतो. डेस्मंडचं ऐकून गल्लीत नऊ घरांनी चांगल्या गाड्या घेतल्या.

आणि हा शहाणा? लोकां सांगे ब्रह्मज्ञान. स्वतः अकरा वर्षं सासऱ्यांच्या मागे राहिलेल्या गाडीत फिरत होता. आपोआप गिअर बदलणारी, मऊ गाद्यांची, अगदी सासऱ्यांसारखीच सुस्त गाडी. त्याला हवी होती हॉट हॅच. दिसायला बटाटे आणायची छोटी गाडी, पण पोटात शर्यतीचं इंजिन, आणि गिअर आपल्या हातानं टाकायचे. तीस वर्षं हवी होती. आधी मुलींची शिक्षणं झाली, मग छप्पर झालं, मग पुढच्या वर्षी नवं मॉडेल येणार म्हणून थांबला, ते आल्यावर त्याचा भाव पडायला थांबला. दर वेळी त्याचं गणित बरोबर असायचं, हीच तर पंचाईत.

ऑगस्ट संपत आला होता. बार्नी क्रॅबट्रीच्या जुन्या गाड्यांच्या आवारात एक निळी, तीन दारांची हॉट हॅच उभी होती. तीन वर्षांची, एकाच मालकिणीची. डेस्मंडनं तिला चार फेऱ्या घातल्या, टायर बघितले, दारांच्या फटी बघितल्या.

"आठ दिवसांनी बाराशे पौंडांनी उतरेल," तो बायकोला म्हणाला.

"फिरवून तरी बघ," नोरीन म्हणाली. "बघायला पैसे पडत नाहीत."

बार्नीनं किल्ली पुढे केली. "ने बाबा. तुझ्या प्रदक्षिणांनी माझी फरशी झिजली."

गावातल्या चढावर दुसऱ्या सिग्नलला तो प्रकार झाला. हिरवा दिवा लागला, डेस्मंडनं क्लचवर डावा पाय दाबला आणि गुडघ्यातून अशी कळ गेली की पाय आपोआप सुटला. गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. त्यानं पुन्हा चालू केली, पुन्हा तेच. मागून हॉर्न वाजायला लागले.

"नोरीन, दाबवत नाहीये गं."

"कधीपासून दुखतोय?"

"जानेवारीपासून. जिना उतरताना." तो समोर बघत होता. "सासऱ्यांच्या गाडीत क्लचच नाही, डाव्या पायाला कामच नव्हतं. मला कळलंच नाही."

सरकारी इस्पितळात गुडघ्याच्या ऑपरेशनच्या यादीत दीड वर्ष थांबावं लागतं, हे दोघांना ठाऊक होतं. भाव पडायची वाट बघताना गाडीसारखा आपला गुडघाही जुना होतोय, हे त्याच्या गणितात कधी आलंच नव्हतं. सदुसष्ट वर्षांच्या डेस्मंडला तिथे, भर चौकात, रडू येत होतं. त्याची त्याला भयंकर लाज वाटली.

"उतर," नोरीन म्हणाली. "इकडे येऊन बस."

नोरीननं बावीस वर्षं फिरत्या वाचनालयाची गाडी हाकली होती. तीन टन पुस्तकं घेऊन, बर्फात, डोंगरापलीकडच्या वाड्यांना. हे अख्ख्या गावाला माहीत होतं, फक्त डेस्मंड विसरला होता. तिनं सीट पुढे ओढली, आरसा खाली केला आणि मागच्या हॉर्नवाल्याला सावकाश हात दाखवला. मग गाडी आवाराकडे न वळवता सरळ डोंगरावरच्या माळाच्या रस्त्याला घातली.

शेवटचं घर मागे पडलं, तिनं तिसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. डेस्मंडची पाठ सीटला चिकटली. इंजिनाचा तो आवाज त्यानं दुसऱ्यांच्या गाडीचा, आपल्या खिडकीतून ऐकला होता. आज तो त्याच्या पायाखालून येत होता.

"अगं, मेंढ्या!"

"मेंढ्या मला ओळखतात," नोरीन म्हणाली. वळणाआधी तिनं असा काही झोकात गिअर उतरवला की डेस्मंड खदाखदा हसायला लागला. गुडघा धरून हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आता त्या पाण्याची त्याला लाज वाटली नाही.

परत आल्यावर बार्नी म्हणाला, "तर मग आठ दिवसांनी? तुझंच गणित आहे."

"आज."

"आणि बाराशे पौंड?" नोरीननं विचारलं.

"तीस वर्षं वाचवत आलोय," डेस्मंड म्हणाला. "आता कुठल्या आठ दिवसांत काय होईल, कुणी सांगावं?"

पाय घासत तो बार्नीच्या खोलीत गेला. नोरीन बाहेर गाडीतच बसून राहिली, उतरायला तयार नव्हती. विम्याशिवाय गाडी हलवता येत नाही, म्हणून बार्नी कॉम्प्युटरवर अर्ज भरायला लागला.

"मुख्य चालक कोण?"

"नोरीन ऑग्डन."

बार्नीनं डोळा मारला. गाडी स्वतः चालवून विमा स्वस्त पडावा म्हणून बायकोचं नाव लावणाऱ्यांना डेस्मंड पबमध्ये चोर म्हणायचा, तेही मोठ्यांदा. "शिकलास म्हणायचं शेवटी. आणि दुसऱ्या चालकात तुझं टाकू ना?"

डेस्मंडनं खिडकीतून बाहेर पाहिलं. नोरीन आरसा पुन्हा नीट करत होती.

"नको," तो म्हणाला. "मी शेजारी बसणार आहे. त्याला नाव लावावं लागत नाही."