भंगाराची चिठ्ठी

दवाखान्याच्या टेलिफोनखोलीत त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. रांगा सोडून पेशंट आले होते. एक बाई तर हाताला सलाइनची सुई तशीच ठेवून धावत आली होती. मधोमध स्पर्शमहाराज, डोळे मिटलेले. त्यांचा उजवा हात टेलिफोनबाईंच्या डोक्यावर आणि डावा एका जुनाट कॉम्प्युटरवर.

"वॉर्ड नंबर सात?" हेडक्लार्कनी विचारलं.

बाईंनी चार बटणं दाबली. "दोन चार एक." पडद्यावर तोच नंबर होता.

बाईंची नजर तीन वर्षांपूर्वी गेली हे सगळ्यांना ठाऊक होतं. आठवड्यापूर्वी महाराज एका आजारी भक्ताला बघायला आले आणि जाता जाता बाईंच्या डोक्यावर हात ठेवून गेले. काल हेडक्लार्कनी बाईंना पडदा नसलेल्या कॉम्प्युटरवरून नंबर सांगताना पाहिलं. ते महाराजांचे जुने भक्त. त्यांनी कुठून तरी पडदा आणून जोडला आणि महाराजांना बोलावणं धाडलं.

"अहो, मी ऐकून सांगते..." बाई म्हणाल्या.

"ऐकते आहे! अंतर्नाद ऐकते आहे!" महाराज गरजले. "ब्रह्मांडाची लहर माझ्या तळव्यातून यंत्रात, यंत्रातून हिच्या कपाळात!"

"नाही हो, मी शिकले..."

"गेल्या जन्मी शिकली! या जन्मी आठवलं!"

मी या दवाखान्याचे कॉम्प्युटर सांभाळतो. बुवाबाबांची टर उडवणारा म्हणून माझी ख्याती होती आणि मला ती फार आवडायची, हे आधीच कबूल करतो. शेजारी माझे मामा उभे होते. मामा शिंपी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्या दिवशी पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन, चिठ्ठी खिशात. आणखी थांबलात तर डोळ्यातला दाब वाढून नस मरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मामांना चाकूची भीती, म्हणून मीच त्यांना धरून आणलं होतं.

"पाठ केलंय सगळं," मी पुढे घुसलो. "बाई, महाराजांनी किती दिवस पढवलं तुम्हाला?"

बाईंचा चेहरा पडला. त्या काही बोलायच्या आत मी त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. होय, नजर नसलेल्या बाईंच्या डोळ्यांवर. आजही ते आठवलं की मान खाली जाते. मग मी स्वतः यादीत 'शिंपीमामा' आणि मनाला येईल तो तीन आकडी नंबर टाइप केला.

बाईंनी बटण दाबलं. "शिंपीमामा. आठ सहा पाच."

"नास्तिकाची वाचा बसली!" महाराज ओरडले. खोली दणाणली.

मामांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि फाडली.

"मामा, हे काय करताय?"

"महाराजांवर नव्हता रे माझा विश्वास. तुझ्यावर आहे. तूच तपासलंस ना? मग आता चाकू कशाला?"

"कोणी काय फाडलं?" बाईंनी विचारलं.

"ऑपरेशनची चिठ्ठी," मी पुटपुटलो.

बाईंनी डोळ्यांवरचा रुमाल सोडला, डोक्यावरचा हात बाजूला केला, कानावरच्या वायरीवरून बोटं फिरवत कॉम्प्युटरच्या मागे नेली आणि एक पिन उपसली. खोलीत सपाट, घाईघाईचा आवाज घुमला. "शिंपीमामा. आठ. सहा. पाच."

वीस वर्षं बाईंच्या डोक्यावर हेडफोन होता. आता एका कानात टेलिफोन होता आणि दुसऱ्यात कॉम्प्युटर. दुसऱ्या वायरीकडे कोणी पाहिलंच नव्हतं, मीसुद्धा.

"पडद्यावर येतं ते हा प्रोग्राम बोलून दाखवतो," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पडद्याची वायरही काढून टाकली. "मामा, दाबा एखादं बटण."

मामांनी चाचपत बटण दाबलं. "क," कॉम्प्युटर म्हणाला.

"हाही माझाच स्वर!" महाराज म्हणाले.

बाईंनी आवाज बंद केला. "मग बोलवा की आता."

महाराजांनी दोन्ही हात ठेवले. कॉम्प्युटर ढिम्म. सलाइनवाली बाई आधी हसली, मग सगळेच. महाराजांना अचानक दुसऱ्या भक्ताची आठवण झाली.

"कोणी बसवून दिली ही सिस्टिम?" मी विचारलं.

"मीच. तुमच्याकडे तीनदा आले होते. तुम्ही म्हणालात, बाई, कॉम्प्युटर ही बघायची वस्तू आहे. मग अंधशाळेच्या सरांनी पेनड्राइव्ह पाठवला आणि जेवणाच्या सुट्टीत फोनवरून सांगत गेले. मशीन सुरू करून दोन-तीन बटणं दाबली की बसवणारा प्रोग्रामच बोलायला लागतो. इथे कोपऱ्यात पडून असलेलं हे मशीन जुनं, जड सिस्टिम दोनदा अडकली. मग हलकी घेतली. जुनं सगळं पुसू का, असं प्रोग्रामनं विचारलं तेव्हा एन्टरवर बोट ठेवून दहा मिनिटं बसले होते मी."

"मग मलाही हेच शिकवा," मामा म्हणाले. "ऑपरेशन नको."

"माझी नस मेली आहे, मामा. तुमची जिवंत आहे. मीसुद्धा दोन वर्षं असल्याच एका हाताखाली डोकं ठेवलं होतं, म्हणून मेली. जा."

मामांनी चाचपत माझा खांदा धरला. मी जमिनीवरचे तुकडे गोळा केले, चिकटपट्टीनं जोडले आणि त्यांना घेऊन डोळ्यांच्या विभागात गेलो. आता ते सुईत दोरा स्वतः ओवतात.

वाचकहो, चमत्कार दिसला की हात कुणी ठेवला हे विचारू नका, काम कुणी केलं ते विचारा. आणि ज्यानं केलं त्यालाच विचारा. मी महाराजांना खोटं ठरवायला निघालो होतो, पण आंधळ्या बाईला कॉम्प्युटर येणारच नाही ही माझी श्रद्धा त्यांच्या भक्तांइतकीच पक्की होती. त्या श्रद्धेपायी मामांचे डोळे जात होते.

दुसऱ्या दिवशी बाईंची माफी मागायला गेलो. त्यांनी माझा हात धरून कॉम्प्युटरच्या बाजूला नेला.

"इथे कसला तरी कागद चिकटवलाय. बरेच दिवस विचारायचं होतं. वाचता का जरा?"

अक्षर माझंच होतं. तरी वाचलं.

"'भंगार. चालण्याच्या लायकीचा नाही.' खाली माझी सही आहे, बाई."

बाईंनी कागदाचा कोपरा नखानं उचलला, तो सोलून काढला आणि माझ्या हातात दिला.