एकोणिसावी ओळ

“खोटं तुमच्यापैकीच कुणाचं तरी, आणि आता त्याची घाण एका म्हाताऱ्याच्या अंगाला पुसताय!”

एवढं बोलून पेंटरबाईनं हातातली लोखंडी पट्टी टेबलावर आपटली. समोरच्या खुर्चीनं उत्तर दिलं नाही. खुर्ची रिकामी होती. उंच पाठीची, हातांवरचं पॉलिश झिजलेली, बसणाऱ्यापेक्षा जास्त ऐटीची.

“खुर्चीला काय सुनावताय, ताई?” दारातून आवाज आला. “अध्यक्षसाहेब चारला येतात.”

“सराव करतेय, बेलमामा.”

“करा की. फक्त ‘घाण’ जरा जोरात म्हणा. साहेबांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं.”

बेलमामा म्हणजे शाळेचा शिपाई. पंचवीस वर्षं घंटा वाजवून वाजवून त्याला हे नाव पडलं होतं. तो मूळचा खालच्या शाळेचा. महिन्यापूर्वी दोन शाळांची एक शाळा झाली आणि खालचे बाक, खालची कपाटं, खालचा फळा यांच्यासोबत तोही टेम्पोत बसून चढ चढून वर आला. बाकांना वर जागा मिळाली नाही, त्यांची लाकडं झाली. त्याला मिळाली, यात तो खूश होता.

तर हा फळा. सागवानी, पुरुषभर उंच, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. असाच दुसरा फळा वरच्या शाळेच्या सभागृहात आधीपासून होता. दोन्ही आता भिंतीला शेजारी-शेजारी टेकवलेले. अठ्ठेचाळीस वर्षं दोन शाळांमध्ये दरसाल क्रिकेटचा एक सामना व्हायचा. वरच्या शाळेत गाडीतून उतरणारी मुलं, खालच्या शाळेत वर्कशॉपच्या घणाच्या ठोक्यावर पाढे म्हणणारी. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे त्या दिवशी मैदानात समोरासमोर यायचे. त्या आठवड्यात न्हाव्याच्या दुकानातसुद्धा खुर्चीवर बसण्याआधी विचारायचे, वरचा की खालचा. उत्तर चुकलं तर वस्तऱ्याखाली मान कोण देणार?

सामन्याचा एक दंडक होता. कोणीही जिंको, निकाल दोन्ही शाळांच्या फळ्यांवर लिहायचा. हरणाऱ्यानंही आपल्याच सभागृहात, आपल्याच भिंतीवर, समोरच्याचं नाव पिवळ्या अक्षरांत झेलायचं. लिहिणारा हात मात्र दोन्हीकडे एकच, पेंटरबाईच्या बापाचा. त्याचा हात कापायला लागल्यापासून तिचा. वरच्यांनी खालचा फळा कधी पाहिला नाही आणि खालच्यांना वरच्या सभागृहात कोण घेतंय? दोन्ही फळे पाहिलेली माणसं जगात दोनच, आणि दोघांच्या नखांत रंग. त्यातही लेक नवी ओळ लिहून निघायची, जुन्या तिनं कधी जुळवून पाहिल्या नव्हत्या.

आता नव्या शाळेसाठी एक नवा फळा करायचा होता. जुन्यावरच्या ओळी उतरवत ती एकोणिसाव्या सामन्यापर्यंत आली आणि थांबली. वरच्या फळ्यावर होतं: ‘वरची शाळा, एका धावेने विजयी’. खालच्या फळ्यावर: ‘खालची शाळा, एक गडी राखून विजयी’. अक्षर तेच, वेलांटीचा झोक तोच. तिच्या बापाचा.

तिनं भोळेपणानं जाऊन अध्यक्षांच्या शाळा-समितीला विचारलं. आठ दिवसांनी टाइप केलेला कागद आला. ‘तत्कालीन पेंटरच्या निष्काळजीपणामुळे नोंदीत चूक झाली, हे मला मान्य आहे.’ खाली तिच्या सहीसाठी रेघ. सही करा, काम पुढे चालू. नाहीतर फळे लिहिणारे गावात पुष्कळ.

पुष्कळ असतील. पण ज्याच्या अक्षराबद्दल लोक म्हणायचे की ते पुसायला देवानंच खाली यावं, तो माणूस अजून जिवंत होता आणि घरी पेपर वाचत बसला होता. हा कागद त्याच्या हातात कुठल्या तोंडानं द्यायचा?

“तुमचा होता ना हा सामना, बेलमामा?”

“होता म्हणजे? मारला मी!” त्यानं पोछ्याची काठी उलटी धरली, गुडघा वाकवला आणि हवेत एक सणसणीत फटका मारला. “शेवटचा चेंडू, दोन धावा हव्या होत्या, हातात शेवटची जोडी. असा कव्हरमधून काढला आणि पळालो दोन. माझी पोरं ही गोष्ट ऐकतच मोठी झाली. बायको तर म्हणते, लग्नाआधी हेच एक सांगितलंत, बाकी सगळं झाकून ठेवलंत.”

“आणि वरचे म्हणतात ते जिंकले.”

“वरचे काय, सूर्य त्यांच्याच गच्चीतून उगवतो म्हणतील.”

ती हसली आणि खालच्या फळ्यापुढे उकिडवी बसली. मघापासून तिला एक गोष्ट सलत होती. एकोणिसाव्या ओळीला पोपडा आला होता. फक्त त्याच ओळीला. ती सरकत वरच्या फळ्यापाशी गेली. तिथंही तेच. अठरावी ओळ शाबूत, विसावी शाबूत, एकोणिसावी सापाच्या कातीसारखी सुटलेली.

दोन शाळा, दोन भिंती. एकीला ओल, दुसरीवर दुपारचं ऊन. मग दुखणं दोन्हीकडे एकाच ओळीला कसं?

पोपडा येतो तो खालचा रंग न खरवडता वरून हात मारला की. कामातली ही पहिली इयत्ता. खरवड, घास, पुस, मग लाव. आठ वर्षांची असताना तिनं घासायचं टाळलं म्हणून बापानं ब्रशाच्या दांड्यानं बोटांवर दिलेली तिला अजून आठवत होती. तो माणूस इथं, एवढ्या मोठ्या फळ्यावर, असं काम करतो? तेही दोनदा?

तिनं पट्टीचं टोक पोपड्याखाली घातलं आणि परत काढलं. आधी विचारायला हवं होतं.

*

बाप ओट्याजवळच्या स्टुलावर बसून दोन्ही हातांनी कप धरून चहा पीत होता. एका हातानं धरला की बशीचा ताशा वाजायचा, म्हणून.

“बाबा, एकोणिसावी ओळ तुम्ही खरवडली नव्हती?”

त्यानं कप खाली ठेवला. घरी यायला उशीर केलेल्या पाहुण्याबद्दल विचारावं तसं विचारलं, “पोपडा आला?”

“आला.”

“दोन्हीकडे?”

“दोन्हीकडे.”

“आधी कुठं आला असेल गं? मला वाटायचं खालच्या शाळेत. त्या भिंतीला ओल फार.”

“बाबा!”

“सांगतो. ओरडू नकोस.” त्यानं धोतरानं ओठ पुसले. “तो सामना बरोबरीत सुटला होता. दोघांच्या धावा सारख्या, खालच्यांचे सगळे बाद. पंचांनी तसा कागद दिला, मी दोन्ही फळ्यांवर तसंच लिहिलं. तिसऱ्या दिवशी वरून बोलावणं आलं. म्हणाले, त्या पोरांशी आमची बरोबरी? पालकांना काय तोंड दाखवायचं? एक धाव आखूड पळाले होते असं आम्ही ठरवलंय, तसं लिही. चौथ्या दिवशी खालून बोलावणं. ते म्हणाले, आम्ही कधी नाही ते जिंकलोय, पोरं पूर्ण पळाली, पंच विकला गेलाय. तसं लिही.”

“आणि तुम्ही लिहिलंत.”

“लिहिलं.” त्यानं कप बाजूला सरकवला. “तू सहा वर्षांची होतीस. दोन शाळांच्या पाट्या, बाक, खिडक्या, सगळं काम माझ्याकडे. नाही म्हणायची हिंमत नव्हती, बाई. काम वाईट करायची तेवढी होती.”

तिला कळायला क्षणभर लागला.

“म्हणजे मुद्दाम?”

“आधीचं अक्षर तसंच ठेवलं. त्यावर काळ्याचा एकच हात, पातळ, आणि त्यावर नवी ओळ. म्हटलं, रंगच आहे, कधीतरी सुटेल. पाच-सात वर्षांत सुटेल वाटलं होतं. कंपनीनं माल चांगला दिला, एकोणतीस लागली.”

तिनं पिशवीतून तो टाइप केलेला कागद काढून त्याच्यापुढे धरला. त्यानं चष्मा वर सरकवून सावकाश वाचला, ‘निष्काळजीपणा’वर बोट ठेवलं आणि मान हलवली.

“हा शब्द चुकलाय. आयुष्यात इतक्या काळजीनं मी दुसरं कुठलंच काम केलं नाही.”

*

चारला पाच मिनिटं कमी असताना ती परत फळ्यांपुढे बसली होती. वरच्या फळ्यावरचा पोपडा पट्टी नुसती टेकवली तरी निघत होता. ‘विजयी’ आधी गेलं. खालून जुना, दबलेला पिवळा दिसायला लागला. मग ती खालच्या फळ्याकडे वळली. बेलमामा ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास घेऊन आला आणि मागेच उभा राहिला. दोन्ही ओळी मोकळ्या झाल्या, तेव्हा दोन फळ्यांवर एकोणतीस वर्षांनी पुन्हा एकच वाक्य होतं.

‘सामना बरोबरीत सुटला.’

बेलमामानं वाकून आधी एक ओळ वाचली, मग दुसरी.

अध्यक्ष आले. टेबलाला वळसा घालून खुर्चीत बसले, तेव्हा खुर्ची त्यांना मोठी झाली. फळ्यांकडे त्यांनी चष्मा न लावताच पाहिलं.

“सही झाली?”

“नाही. त्याआधी हे वाचा.”

“हे काय नवीन?”

“नवीन नाही. सगळ्यांत जुनं आहे. माझ्या वडिलांनी पहिल्यांदा लिहिलेलं. त्याच्यावरचं तुम्ही लोकांनी लिहवून घेतलंत. इथून एकदा, तिथून एकदा.”

“मी तेव्हा इथं नव्हतोच.”

“खुर्ची होती.”

अध्यक्षांनी डावा कान पुढे केला, पण तिनं पुन्हा सांगितलं नाही. ते हसले, समजूतदार माणसं हसतात तसं.

“हे बघा, बाई. शाळा एक झालीय, चांगले दिवस आहेत. जुनं कशाला उकरायचं? वरचे जिंकले लिहिलं तर खालचे नाराज, खालचे लिहिलं तर वरचे. आणि बरोबरीत लिहिलं तर दोघंही. तो आकडाच गाळा. अठरा, मग वीस. कोण मोजतंय? कागदावर सही करा आणि लागा कामाला. या शिपायालाच विचारा, तो खेळलाय म्हणे त्यात. काय रे, जिंकला होतात ना तुम्ही?”

बेलमामानं ट्रे टेबलावर ठेवला. दोन्ही हात पँटला पुसले. हात कोरडेच होते.

“मी बाद होतो, साहेब.”

“काय?”

तो अध्यक्षांच्या डाव्या बाजूला गेला. “बाद होतो म्हटलं. एक धाव झाली, दुसरीला माझी बॅट रेषेवर होती, आत नव्हती. स्टंपवरच्या बेल्स पडलेल्या मी पाहिल्या. पंचांचं बोट पण पाहिलं. पण आमची माणसं मैदानात घुसली, मला उचलून खांद्यावर घेतलं. एकदा खांद्यावर बसल्यावर खाली वाकून कसं सांगणार, की अहो, उतरवा मला?” मग तो फळ्याकडे बघत म्हणाला, “तसा पन्नास जणांत मी एकटाच नव्हतो पाहणारा. पण बोलायला हवं होतं मी.”

पेंटरबाई त्याच्याकडे बघत राहिली. घरी गेल्यावर हा माणूस पोरांना काय सांगेल, ते तिला विचारावंसं वाटलं.

तिनं पिवळ्या रंगाचा डबा उघडला, नव्या फळ्यापुढे स्टूल ओढलं आणि ब्रश बुडवला. आधी ‘१९’ हा आकडा लिहिला. मग वळून, सही न केलेला कागद अध्यक्षांच्या समोर सरकवला.

“यांनी एकोणतीस वर्षांचा फटका आत्ता खाली ठेवला, साहेब. माझ्या बापानं आपलं खोटं घरी कबूल केलं. आता उरलात तुम्ही. दोन्ही शाळा एक झाल्या म्हणता, मग दोघं एकदा सारखे ठरले होते हे लिहायची लाज नेमकी कुणाला वाटते? नाव सांगा. ब्रश ओला आहे, मी थांबते.”