शिखराखालची भेग

धाकटा भाऊ माणसांना डोंगरावर न्यायचा आणि ताई ड्रोन उडवून त्या चढाईचं चित्रीकरण करायची. एकाच डोंगरावर दोघांचं पोट, त्यामुळे भांडणंही त्यावरूनच.

चढाईच्या आदल्या दिवशी ताई लॉजच्या खोलीत बसून त्याच दिवशी सकाळी आणि दुपारी घेतलेलं चित्रीकरण पाहत होती. शिखराखालच्या उतारावर, वाटेच्या जरा वर, बर्फात निळसर रेघ दिसली. तिनं चित्र मोठं केलं. ती भेग होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत; तिथून बर्फ सुटला तर थेट वाटेवर कोसळणार.

धाकटा बाहेर दोर तपासत बसला होता. तिनं लॅपटॉप त्याच्या पुढ्यात धरला.

"सावली असेल गं."

"सकाळी आणि दुपारी एकाच जागी पडते का रे सावली?"

"ताई, त्या उतारावर मी लहानाचा मोठा झालोय. तू वरून बघतेस, मी पायांनी बघतो. आणि हे उद्याच्या गिऱ्हाइकांपुढे काढू नकोस हं, उगाच घाबरतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकं न्याहारीला बसली होती. एक दंतवैद्य, त्यांची मुलगी आणि नवा जावई. जावईबापू सासऱ्यांची चेष्टा करत होते, "वर गेल्यावर कवळी सांभाळा बरं का!" सगळे खळखळून हसले. ताईला राहवलं नाही. तिनं लॅपटॉप टेबलावर ठेवला.

हसणं थांबलं. दंतवैद्यांनी चष्मा लावून निरखून पाहिलं आणि म्हणाले, "आम्ही नाही जाणार."

दारात उभ्या असलेल्या धाकट्याचा चेहरा उतरला. "चारचौघांत माझी अब्रू काढलीस," एवढंच बोलून त्यानं दोर खांद्यावर टाकला आणि एकटाच निघाला.

ताईनं हाका मारल्या. त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. मग तिनं ड्रोन वर पाठवला. पडद्यावर त्याचं लाल जाकीट मुंगीएवढं दिसत होतं. त्यानं कडेच्या खडकाला दोर बांधला, भेगेपाशी गेला आणि हातातली काठी बर्फात खुपसली. काठी मुठीपर्यंत आत गेली, हातातून सुटली आणि दिसेनाशी झाली. तो तसाच उभा राहिला. "फीर, बाळा, मागे फीर," ताई पडद्याशीच पुटपुटत होती. बऱ्याच वेळानं तो एकेक पाऊल चाचपत वळला.

तो परत आला तेव्हा तिनं चहा पुढे केला.

"आधी मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"सांगितलं होतं रे."

चहा तसाच निवून गेला.

त्यानं ती वाट सोडली. गिऱ्हाइकं दुसऱ्या वाटाड्यांकडे गेली, बाकीचे त्याला भित्रा म्हणू लागले. 'ताईनं सांगितलं म्हणून' असं मात्र त्यानं कुणाजवळ काढलं नाही. आणि उतार काही कोसळला नाही. पुढच्या हंगामात दुसऱ्या एका वाटाड्यानं तिथूनच माणसं वर नेली.

"सगळे सुखरूप परतले," जेवताना धाकटा म्हणाला. "ऐकलंस ना?"

"ऐकलं."

तिला बरं वाटायला हवं होतं. पण उतार कोसळला असता तर आपलंच खरं ठरलं असतं, असं क्षणभर मनात आलं, आणि आपल्याच मनाची तिला धास्ती वाटली. ताटातला घास तिनं हातातच धरून ठेवला.