बटनाची तार

राजदीपनं बटन पुन्हा दाबलं आणि कॅबिनेटला कान लावला. आत काहीच हललं नाही. सकाळपासून त्यानं रॅम काढून परत बसवली होती, फिती उपसून खोचल्या होत्या, सोबत आणलेला जोडणीचा नकाशा चार वेळा उलटासुलटा करून पाहिला होता. नागपूरहून एकेक सुटा भाग आणून स्वतःच्या हातानं जोडलेला तो कम्प्युटर टेबलावर ढिम्म बसून होता.

"लाइन तं येऊन राह्यली, बाबा. बोर्डावरचा हिरवा दिवा पाहा ना, लागून आहे. मंग सुरू काऊन नाई होत?"

हरिदास खाटेवरून उठला नाही. "मले रेडिओतलं समजते, बापू. हे नवीन आहे."

"पाहून तं घ्या एकडाव."

वीस वर्षं आजूबाजूच्या गावांतले रेडिओ हरिदासकडे येत. एकही त्यानं बंदचा बंद परत पाठवला नव्हता आणि त्याचा त्याला चांगलाच तोरा होता. मग एके दिवशी जंगलातली माणसं एक वायरलेस सेट घेऊन आली. नाही म्हणायची सोय नव्हती, त्यानं तो नीट करून दिला. पंधरा दिवसांनी वर्दीतली माणसं आली, का नीट करून दिलास ते विचारायला. महिन्याभरानं घरी परतला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. दुकान तेव्हाच मिटलं. राजदीप त्या वेळी तीन वर्षांचा होता. त्यानं हे सगळं ऐकलेलं होतं, पण आता तसं काही राहिलेलं नाही, असं तो म्हणे.

परवाच बाजारात एका अनोळखी माणसानं हरिदासला हळूच विचारलं होतं, "भाऊ, तुमचा पोरगा कम्प्युटर बनवते म्हणे?" तेव्हापासून तो रात्री उठून उठून दाराची कडी तपासत होता. गडचांदूरला एका ठेकेदाराकडे स्टोअरकीपरची जागा होती. कम्प्युटर सुरू झाला तर गावातच दुकान टाकीन, नाही झाला तर सोमवारी गडचांदूरला जाईन, असं राजदीपनं ठरवलं होतं.

हापशीवरून आईनं हाक मारली, तसा तो भरलेला हंडा आणायला गेला.

हरिदास उठला. चष्मा लावून त्यानं समोरच्या बटनापासून निघालेली तार बोटानं धरली आणि शेवटापर्यंत नेली. ती दोन पिनांवर खोचलेली होती. शेजारच्या दोन पिना मात्र रिकाम्या होत्या, आणि बारीक अक्षरांत 'पॉवर' लिहिलेलं त्यांच्यापाशी होतं. पोरानं दुसऱ्याच बोर्डाचा नकाशा पाहिला होता. हरिदासला हसू आलं. त्यानं पेचकसाचं टोक त्या रिकाम्या पिनांना टेकवलं.

पंखा फिरला. पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर उमटली. बाकी सगळं पोरानं अगदी बरोबर जोडलं होतं. हरिदासचा ऊर भरून आला. मग त्यानं हात लांब करून भिंतीवरचं बटन बंद केलं.

"काई वाजलं का आत्ता?" राजदीपनं दारातूनच विचारलं.

"नाई. लाइन बंद केली म्या. जळन उगाच."

"समजलं काई?"

"नाई बा. माह्या डोक्याबाहेरचं आहे."

राजदीपनं कॅबिनेटचं झाकण लावलं.

"जातो मंग सोमवारी."

"जाय."

सोमवारी एसटीच्या थांब्यावर राजदीपनं पिशवीसोबत सुतळीनं बांधलेलं खोकंही आणलं.

"हे काऊन नेऊन राह्यला?" हरिदासनं विचारलं.

"तिथी कम्प्युटरचं दुकान आहे म्हणते. दाखवतो त्याईले. कुठी चुकलं ते तं समजन."

हे हरिदासच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुकानदार झाकण उघडेल, पाच मिनिटांत तार काढून शेजारी लावेल, आणि म्हणेल, अरे, एवढं तर रेडिओवाल्यालाही दिसलं असतं. मग पोराला सगळंच कळेल. गाडी आली. राजदीप चढून खिडकीशी बसला, तसं हरिदासनं खोकं सांभाळून वर दिलं आणि खिडकीची दांडी धरली.

"त्या दुकानवाल्यानं काई म्हटलं तं सांगजो, माह्या बापाले यातलं काईच येत नाई."

राजदीप हसला. "असं कोणी सांगते का, बाबा?"

"सांगजो," हरिदास म्हणाला.