चिंचगल्लीच्या बायकांचं म्हणणं

मी शहापुरातल्या विणकराची लेक. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला. वडिलांनी मला परत मागावर न बसवता बेळगावात मास्तरकीच्या ट्रेनिंगला घातलं. एकोणीसशे चौतीस साली निपाणीकडच्या एका तंबाखूच्या पेठेत मी मुलींच्या शाळेवर लागले. शाळा मालुबाईंच्या यजमानांनी काढलेली. पेठेत त्यांच्या तीन वखारी होत्या. मालुबाई गावातल्या महिला समाजाच्या अध्यक्ष. माझं अक्षर बरं, म्हणून त्यांनी मला समाजाची चिटणीस केलं.

वखारींच्या मागं चिंचगल्ली होती. तिथं नऊ बायका धंदा करायच्या. हंगामात घाटावरनं गाड्या उतरल्या की गाडीवान, अडते, हमाल तिकडं जायचे आणि गावातले चार शहाणेही जायचे. दोन वर्षांनी या गल्लीचं काय करायचं हा प्रश्न गावच्या कमिटीपुढं आला.

मालुबाई म्हणत, गल्ली बंद करावी आणि बायकांना आश्रमात पाठवावं. सुबराव वकील म्हणत, बंद केल्यानं धंदा थांबत नाही, नुसता नजरेआड होतो. त्यापेक्षा सज्ञान बाईला परवाना द्यावा, दर आठवड्याला डॉक्टरांनी तिला तपासावं, नाव चौकीत लिहून ठेवावं. वाचनालयात यावर दोन महिने वाद झडले. मी मालुबाईंच्या बाजूची होते. बाईचं शरीर विकलं जातं त्याला कायद्यानं मान्यता द्यायची, हे मला सहन होत नव्हतं.

एके दिवशी मालुबाई म्हणाल्या, "राजाबाई, तुम्ही त्या गल्लीत जाऊन या. आम्हाला यातनं सोडवा, असा अर्ज त्या बायकांनीच केला तर वकिलांना बोलायला जागा राहणार नाही. तुम्ही लिहा, त्यांचे अंगठे घ्या."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी गेले. पहिल्याच घराच्या उंबऱ्यात पस्तिशीची एक बाई तांदूळ निवडत बसली होती. ती दुर्गाबाई. गल्लीतल्या सगळ्या तिला दुर्गाक्का म्हणायच्या. मी आल्याचं कारण सांगितलं तशी तिनं सूप बाजूला ठेवलं आणि बाकीच्यांना हाक मारली.

"काय लिवनार हाय तुमी?" तिनं विचारलं.

"तुम्हाला या धंद्यातून सुटायचंय, असं."

"समद्यास्नी इचारलंय व्हय?"

दुर्गाबाईच मग स्वतःचं सांगू लागली. नवरा तापानं गेला. दिरानं घराबाहेर काढलं. दोन वर्षं तिनं वखारीत तंबाखू चाळली.

"मुकादम रोज कोठीकडं बोलवायचा. न्हाय म्हटलं की दुसऱ्या दिशी काम न्हाय. हितं मी न्हाय म्हटलं तर दार लावून घेतो. येवढाच फरक हाय बाई, पर तो माझ्यासाठी लई मोठा हाय."

"म्हणजे हे काम तुम्हाला चांगलं वाटतं?"

"वंगाळच हाय की. पर माझं मी ठरवलंय. दुसरं काय द्याल ते आदी दावा, मग हे काढून घ्या."

गुणाबाई म्हणून वीस-एकवीस वर्षांची एक मुलगी भिंतीला टेकून उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "मला जायाचंय. मला हितं ऱ्हायाचं न्हाय."

"हिचं लिवा," दुर्गाबाई म्हणाली. "हिला जाऊ द्या. जिला ऱ्हायाचं हाय तिला ऱ्हाऊ द्या. चौकीत नाव नको. एकदा नाव लागलं की ते मरंस्तवर सुटत न्हाय. आनि कुनी मारलं तर फौजदारानं आमचं लिवून घ्यावं, जसं तुमचं घेत्यात तसं. बस."

मी सगळं तसंच्या तसं लिहिलं. गुणाबाईचं पहिल्यांदा, मग बाकीचं. मोठ्यानं वाचून दाखवलं. सहा जणींनी अंगठे उठवले. परत येताना मला वाटत होतं, आज पहिल्यांदा मी काहीतरी खरं लिहिलंय. मालुबाईंच्या बाजूची मी आता राहिले होते की नाही, हे मलाच कळत नव्हतं.

मालुबाईंनी कागद दोनदा वाचला. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी काही बोलू शकले असते.

"पहिलं वाक्य राहू दे," त्या म्हणाल्या. "पुढचं सभेत नको."

"त्यांनी सगळ्याला अंगठे दिलेत."

"हो. पण वखारीतल्या मुकादमांचं सभेत निघालं की उद्या आमच्याच वखारींकडं बोट जाणार. वखारी नीट चालल्या तर शाळा चालते. साठ मुली आहेत तुमच्याकडं. तुम्हीच ठरवा."

सभेला दुर्गाबाई आणखी दोघींना घेऊन आली. तिनं धुवट लुगडं नेसलं होतं, पदर डोक्यावरनं घट्ट घेतला होता. शिपायानं त्यांना आत सोडलं नाही. त्या बाहेर खिडकीशी उभ्या राहिल्या.

वकील तासभर बोलले. परवान्यानं रोग किती घटतील ते त्यांनी सांगितलं. मालुबाई स्त्रीच्या प्रतिष्ठेवर बोलल्या, आणि चांगलं बोलल्या. मग सभेच्या अध्यक्षांनी माझं नाव घेतलं.

मी उभी राहिले. गुणाबाईच्या 'मला'चं 'आम्हास' करून वाचलं, "आम्हास या धंद्यातून बाहेर पडावयाचे आहे, तरी कमिटीने साहाय्य करावे." आणि थांबले.

"एवढंच?" वकिलांनी विचारलं.

मी खिडकीकडं पाहिलं. दुर्गाबाई माझ्याकडंच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी पुढचं वाचीन असंच अजून तिला वाटत असावं.

"होय, एवढंच," मी म्हणाले आणि खाली बसले.

ठराव झाला. पंधरा दिवसांनी गल्लीतल्या घरांना कुलपं लागली. आश्रमात पंचविशीच्या आतल्याच बायका घेत. त्यामुळं गुणाबाई आणि आणखी एक अशा दोघीच गेल्या. बाकीच्या सात जणींचं काय, हे ठरावात नव्हतं. गुणाबाई आश्रमात राहिली, शिवण शिकली. एवढी एक गोष्ट चांगली झाली, आणि मालुबाई ती पुढं कितीतरी सभांत सांगायच्या.

दुर्गाबाई वखारीत कामाला गेली. मुकादम तोच होता. आठव्या दिवशी ती काम सोडून बाहेर आली. गावात तिला कुणी घर देईना. मग ती दूधगंगेपलीकडं, कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत गेली, असं ऐकलं. तिकडं आमच्या कमिटीचा ठराव लागू नव्हता.

पुढच्या मार्गशीर्षात एकदा दुपारच्या मधल्या सुट्टीत ती मला पेठेतल्या दवाखान्याच्या पायरीवर दिसली. डावा डोळा सुजून मिटला होता, हात गळ्यात बांधलेला. एका तंबाखूच्या दलालानं मारलं होतं. तो आमच्याच गावचा, म्हणून ती फिर्याद द्यायला नदी ओलांडून आली होती.

मी तिला घेऊन चौकीत गेले. हवालदारानं मला खुर्ची दिली. तिला उभंच ठेवलं.

"धंदा काय?" त्यानं तिला विचारलं.

"तुमास्नी ठावं हाय."

त्यानं दौत बाजूला सरकवली. "पलीकडच्या हद्दीतलं भांडण आहे. तिकडं द्या फिर्याद."

"तिकडच्यानी हिकडं धाडलंय," दुर्गाबाई म्हणाली.

"मग आम्ही काय करणार?"

मी म्हणाले, "हिला मारलंय, हे तर तुम्हाला दिसतंय."

"बाई, तुम्ही शाळेच्या. तुम्ही यात कशाला पडता?" तो अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला.

आम्ही बाहेर आलो. सर्विस मोटार सुटायला अवकाश होता. कडुलिंबाखाली दोघी बसलो. मी म्हणाले, "काही दिवस माझ्याकडं राहा. हात बरा होईपर्यंत."

तिनं उघड्या डोळ्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "तुमची खोली कुनाची हाय?"

खोली मालुबाईंच्या यजमानांची होती. तिलाही ते ठाऊक असणार.

"इचलकरंजीकडं एक ओळखीची हाय," ती म्हणाली. "तिकडं बगतो."

मोटार आली. एका हातानं तिला वर चढता येईना. मी तिला धरलं, आत बसवलं. तिचं गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं. शेजारी बसलेली बाई उठून पुढच्या बाकावर गेली. दुर्गाबाईनं गाठोडं त्या रिकाम्या जागेवर ठेवलं आणि पदर सारखा केला.

मोटार इचलकरंजीच्या वाटेला लागेपर्यंत मी उभी होते. मग मधली सुट्टी संपत आली म्हणून शाळेकडं निघाले.