हसणारा कौल

देव हसतोय, अशी तक्रार घेऊन देवळाचे लिनकाका भल्या सकाळी आमच्या दारात उभे राहिले. हातातल्या पिशवीत आम्हीच वसंतात कापून दिलेल्या कौलाच्या बारा जोड्या होत्या.

"बी-युन, कोणी काहीही विचारो, नुसतं हसू," ते म्हणाले. "त्या शेवयावालीने मुलाच्या लग्नाचं सतरा वेळा विचारलं. आता ती माझ्याशीच बोलत नाही."

कौलाचे तुकडे चंद्रकोरीसारखे असतात, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर. जोडी जमिनीवर टाकली आणि एक सपाट वर, एक फुगीर वर पडला की होकार. दोन्ही फुगीर वर, तर नकार. दोन्ही सपाट वर म्हणजे देव हसला. तुझा प्रश्नच धड नाही, नीट विचार, असं त्याचं म्हणणं.

माझाही एक प्रश्न त्याच देवापाशी अडकला होता. लूगांगच्या या कारखान्यात मी अकरा वर्षं कौल घासले, लाल रंगवले. संध्याकाळी विजेवर फिरणाऱ्या पट्ट्याच्या करवतीची देखभालही माझ्याकडे. कापायचं काम मात्र सासऱ्यांचं. माझ्या नवऱ्याला भुश्शाने शिंका येतात, म्हणून तो गाओशुंगच्या बंदरात नोकरी करतो. गेल्या हिवाळ्यात बाबा अठ्ठ्याहत्तरचे झाले, तेव्हा मी म्हटलं, "बाबा, करवत आता माझ्या हाती द्या."

"देवाला विचारतो," ते म्हणाले. "लागोपाठ तीन होकार आले तर तुझी. शरदातल्या पौर्णिमेपर्यंत नाही आले, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

दर अमावास्या-पौर्णिमेला ते देवळात जायचे आणि परत येऊन म्हणायचे, "हसला."

आता पौर्णिमा नऊ दिवसांवर आली होती. मला देवाचा राग आला होता, खोटं कशाला बोलू.

मी परत आलेला एक तुकडा उचलून पाहिला. कड तिरपी कापली गेली होती, त्यामुळे सगळं वजन पोटाकडे. असा तुकडा पोटावरच बसणार, सपाट अंग वर. म्हणजे दोष देवाचा नाही, करवतीचा.

बाबांनी नव्या बारा जोड्या कापायला घेतल्या आणि मी संध्याकाळी करवत उघडली. चाकांवरचा चिकट भुसा खरवडला. पात्याला ताण दिला, चाक हाताने फिरवून पातं मधोमध धावतंय ना ते पाहिलं. पात्याला दोन्ही बाजूंनी धरणारे ठोकळे कागदभर अंतरावर आणले. काटकोन तपासायचा गुण्या लावून टेबल पात्याशी सरळ बसवलं आणि पातं पुन्हा सैल करून ठेवलं. रात्रभर ताणलेलं पातं लवकर मरतं, हे बाबांनीच शिकवलेलं.

सकाळी बाबांनी दोन जोड्या कापल्या, त्याही तिरप्या. टेबल केसभर कललेलं. मी पुन्हा सरळ केलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा कललेलं. माझं डोकं चालेना. मशीन शहाणं राहावं म्हणून आमच्याकडे त्याच्यावर ठेवतात ते हिरवं खाऊचं पाकीट तपासलं, तर त्याची मुदत संपलेली. नवं आणून ठेवलं. टेबल तिसऱ्या दिवशीही कललंच.

चौथ्या दिवशी मी पहाटेच कारखान्यातल्या लाकडांच्या ढिगामागे दडून बसले. बाबा आले. त्यांनी टेबलाखालची मूठ सैल केली, आपला जुना गुण्या लावला, टेबल हलवलं, मूठ आवळली.

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुण्या कधीतरी हातून पडून वाकला असणार आणि म्हाताऱ्याला पत्ता नाही. दुपारी ते झोपल्यावर मी त्यांचा गुण्या फळीवर ठेवून रेघ ओढली, मग तो उलटा करून तिथेच दुसरी ओढली. गुण्या वाकडा असता तर रेघा फाकल्या असत्या. दोन्ही एकावर एक बसल्या. मग माझ्या गुण्याने ओढून पाहिल्या. त्याही बसल्या. दोन्ही गुण्ये खरे, आणि टेबल खोटं. मी तिथेच भुश्शात बसून राहिले.

"काय मोजतेस?" बाबा मागे उभे होते.

"तुमचा गुण्या खरा आहे, बाबा."

"चाळीस वर्षं खराच आहे."

"मग टेबल..."

ते स्टुलावर बसले. आपल्या दहाही शाबूत बोटांकडे बघत राहिले.

"देवाला फसवता येत नाही," ते म्हणाले. "लाकडाला येतं. केसभर कलवलं की पुरतं."

"पण का? मला नाही म्हणायचं होतं, तर तोंडाने म्हणायचं ना."

"नाही म्हणायचं नव्हतं गं. तुझा हात चांगला आहे." त्यांनी नाक पुसलं. "होकार आला असता तर? सकाळी उठून मी कुठे जायचं?"

बिचारी शेवयावाली, असं आधी मनात आलं. मग हसू आलं, आणि मग रडू. इतके दिवस मी काय काय समजत होते, आणि हा म्हातारा फक्त सकाळला घाबरत होता.

मी टेबल सरळ केलं. गुण्या त्यांच्या हातात दिला. त्यांनी लावून पाहिला आणि मान हलवली. त्या दिवशी बारा जोड्यांतली पहिली सरळ जोडी मी कापली. ते बाजूला उभे राहून पात्यावरचं झाकण लाकडाच्या जवळ आणायला सांगत होते. मी ते आधीच आणलं होतं.

पौर्णिमेला देवळात दोघेही गेलो. बाबांनी नवी जोडी कपाळाला लावली, तेवढ्यात मी त्यांचा हात धरला.

"थांबा. तुमचा प्रश्नच धड नव्हता. मी विचारते." मी जोडी घेतली. "करवत बी-युन चालवेल. रोज सकाळी ती लावून द्यायला बाबा येतील. चालेल?"

एक सपाट वर पडला, एक फुगीर.

"अजून दोनदा टाकायचं आहे," लिनकाका म्हणाले.

"हसला नाही ना? मग बास," बाबा म्हणाले आणि जोडी उचलून चालू लागले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी कारखान्यात आले तेव्हा पातं ताणलेलं होतं आणि बाबा स्टुलावर बसले होते. मी बटणाकडे हात नेला.

"आधी चाक हाताने फिरव," ते खेकसले. "मी लावलंय म्हणून काय झालं?"