श्रीखंडाची बातमी

"आमचे आदरणीय मालक श्री. नरेंद्र यांच्या खंबीर नेतृत्वाखाली आज मेथी आली आहे!"

अमेरिकेत अर्विंगच्या आमच्या किराणा दुकानात माइकवरून भारदस्त इंग्रजीत ही घोषणा झाली की गिऱ्हाइकं हसायची आणि आमच्या यजमानांची छाती फुगायची. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना एकदाही आदरणीय म्हटलं नव्हतं, म्हणून असेल.

घोषणा करणारा तेस्फाय आफ्रिकेतल्या इरिट्रियाचा. तिथे खासगी वर्तमानपत्रं सरकारनं केव्हाच बंद केली. हा सरकारी रेडिओवर बातम्या वाचायचा. आधी साहेबांचं नाव घ्यायचं आणि वाईट बातमी द्यायचीच नाही, हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं, की कोथिंबीर संपली तर म्हणे, "कोथिंबिरीला जनतेनं अभूतपूर्व प्रतिसाद दिला आहे."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कूलर बंद पडला. मी श्रीखंडाचा डबा उघडला आणि नाक धरलं.

"अहो, सगळं फेकून द्या."

"वेडी आहेस का? श्रीखंड आंबटच असतं!" नरेंद्र तेस्फायकडे वळले. "अनाउन्स कर. फ्रेश श्रीखंड, एकावर एक फ्री."

तेस्फायनं हातातला माइक खाली केला. "सर, माझ्या संपादक मित्राला पकडून नेलं, त्या संध्याकाळी मी धरणाच्या उद्घाटनाची बातमी वाचली. हागोसचं नावसुद्धा घ्यायचं नव्हतं. तो परत आलाच नाही."

"अरे, इथे कुणाला पकडलंय? श्रीखंड आहे ते! जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

मला नवऱ्याची लाज वाटली. तेस्फायची मुलगी कॉलेजात होती, घर याच नोकरीवर चालायचं.

माइक खरखरला. "आमचे आदरणीय मालक श्री. नरेंद्र यांच्या खंबीर नेतृत्वाखाली," सवय जाते कुठे! "श्रीखंड खराब झालं आहे. कृपया घेऊ नये."

नरेंद्र लालबुंद झाले. ते तोंड उघडणार तोच आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक मृणालिनीकाकू ट्रॉली ढकलत आल्या. "नरेंद्र, किती प्रामाणिक रे तू! दुसऱ्यानं गुपचूप खपवलं असतं."

नरेंद्रनी हात जोडले. "कर्तव्यच आहे, काकू," ते म्हणाले. छाती पुन्हा फुगली. आता तेस्फायला काढणार कसे?

माइक अजून चालूच होता.

"बातमी वाचली तेस्फायनं," आवाज जरा अडखळला. "संपादक, हागोस."

माझे डोळे भरून आले. काकूंनी विचारलं, "हागोस कोण गं? नवीन माणूस ठेवलात?"

"हो," मी म्हटलं. "आजच आलाय."